केकमधली रम उडून जाते म्हणे

यावेळी तीन पत्रं निवडलीत, तिन्ही स्वयंपाकघरातली आणि तिन्ही पिणं सोडलेल्या माणसांच्या घरातली. मी डॉक्टर नाही हे नेहमीप्रमाणे आधीच सांगतो. बेकरीत आणि केटरिंगमध्ये १६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पिऊन काढली, आणि आता ९ वर्षं झाली बंद आहे. एवढ्याच अधिकारावर लिहितोय.

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही वसईचे. मिस्टरांनी पिणं सोडून ११ महिने झालेत, नाताळच्या आसपास वर्ष होईल. आमच्याकडे सासूबाई दरवर्षी ऑक्टोबरातच काजू, मनुका, चेरी, टुटीफ्रुटी सगळं रममध्ये भिजत घालतात, मोठी काचेची बरणी असते, कपाटात वरच्या फळीवर. यंदापण घातलीय. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, भाजल्यावर सगळी उडून जाते गं, केक खाऊन कोणी बेवडा झालाय का आजवर? मिस्टरांना यातलं काही माहीत नाही, त्यांना वाटतंय यंदा केक बाहेरून येणार. खरंच उडून जाते का? आणि न सांगता दिला तर चालेल का, कारण सांगितलं तर ते खाणार नाहीत आणि मग सासूबाईंची रडारड. — एक सून, वसई

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातंय तुम्हाला.

दारू ७८ डिग्रीला उकळते आणि पाणी १०० ला, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की दारू आधी निघून जाणार आणि पाणी मागे राहणार. पण एकदा दोन्ही एकमेकांत मिसळली की ती अशी शहाण्यासारखी रांग लावून बाहेर पडत नाहीत, वाफेतून दोन्ही मिळून जातात, आणि थोडी दारू मागे राहतेच राहते. अमेरिकेत १९९२ साली हे नीट मोजलं गेलं आणि तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यात ते आकडे आहेत. १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरते, अर्ध्या तासाने ३५, तासाभराने २५, अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के. उकळत्या रश्श्यात ओतून लगेच गॅस बंद केला तर ८५ टक्के तशीच. हे काही देवाचे आकडे नाहीत, भांडं पसरट की खोल, झाकण आहे की नाही यावर पुढेमागे होतं, पण अंदाज येतो.

आता तुमचा केक. समजा बरणीत एक क्वार्टर गेली, १८० मिली. आपल्याकडच्या रमच्या लेबलवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे निव्वळ अल्कोहोल झालं साधारण ७७ मिली. केक तासभर भाजला तर त्यातलं १९ मिलीच्या आसपास उरलं. ३० मिलीच्या छोट्या पेगात १३ मिली असतं, म्हणजे सगळ्या केकमध्ये मिळून दीड छोटा पेग. २० तुकडे केले तर एका तुकड्यात जेमतेम एक मिली. याने कोणाला चढत नाही. सासूबाईंचा अर्धा मुद्दा तो हा.

पण ताई, मला सांगा, केक ओव्हनमधून काढल्यावर त्या वरून रम पाजतात का? टूथपिकने भोकं पाडून चमच्याचमच्याने? बहुतेक घरांत पाजतातच, तेच तर त्याचं कौतुक. मग ती रम काही भाजली जात नाही. चार मोठे चमचे म्हणजे ६० मिली, दोन छोटे पेग जवळपास तसेच्या तसे केकमध्ये बसलेले. तिथे उडून जाते वगैरे काही नाही.

तरीपण खरं सांगू का, टक्क्यांचा हिशोब तुम्ही विचारलात म्हणून केला, मला काळजी टक्क्यांची नाहीये. मला काळजी त्या वरच्या फळीची आहे.

माझी गोष्ट सांगतो. सोडून १४ महिने झाले होते, मीटिंगा चालू, घरचे जरा श्वास घ्यायला लागलेले. डिसेंबर, बेकरीत रात्रपाळी, आणि कोपऱ्यात निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमात नाताळच्या केकची फळं भिजत घातलेली. माझं काम होतं ती गाळून, मैद्यात घोळवून मिश्रणात टाकायची. झाकण उघडलं आणि तो वास नाकात गेला. मी काही प्यायलो नाही हां. मी एक मनुका खाल्ला. टम्म फुगलेला, दाताखाली फुटला आणि रस जिभेवर आला, आणि मी स्वतःला म्हटलं मनुकाच तर खातोय. मग अजून दोन. मग चमचा घेतला, म्हटलं फळं नीट भिजलीत का बघू. चौथ्या-पाचव्या चमच्याला त्यात फळ एकही नव्हतं आणि हे मला दिसत होतं, तरी मी मनात मनुकाच मनुका म्हणत होतो. पहाटे साडेपाचला पाळी सुटली आणि मी घरी न जाता सरळ दुकान उघडायची वाट बघत फुटपाथवर बसलो. पुढचे २३ दिवस मला तुकड्यातुकड्यात आठवतात.

त्या मनुक्यात किती मिली होतं? काहीच नव्हतं हो. पण जीभ ओळखते, नाक तर त्याआधी ओळखतं. पिणं सोडलेल्या माणसाला क्रेव्हिंग, म्हणजे तलफ, यायला नशा चढावी लागत नाही, वास, चव, बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज एवढंसुद्धा पुरतं कधीकधी. आणि पहिल्या वर्षात तर फारच.

दुसरं म्हणजे उरलेली बाटली. केकच्या रेसिपीत लिहिलेलं असतं चार चमचे रम. दुकानात चार चमचे मिळत नाही. अख्खी बाटली घरात येते, चार चमचे केकला लागतात आणि बाकीची ओट्याखाली तेलाच्या कॅनमागे जाऊन बसते. तुम्हाला वाटतं तुम्ही लपवलीत. अहो आम्ही लपवण्यात पीएच.डी. केलेली माणसं, आमच्यापासून काय लपवता! पाण्याच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवलेली मी. तेलाच्या कॅनमागे बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

आणि तिसरं, न सांगता देणं. नको. अजिबात नको. समजा त्यांनी घास घेतला आणि चव ओळखली, ओळखतीलच, तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर त्यांना वाटेल की आता तुटलंच ना माझं, मग काय राहिलंय, आणि हे 'तुटलंच ना' आमच्यासारख्यांना सरळ बारमध्ये नेऊन सोडतं. नाहीतर ते गप्प बसतील आणि तुमच्या हातचं खाताना पुढच्या वेळी आधी वास घेतील. ११ महिने त्या माणसाने खोटं न बोलण्याची प्रॅक्टिस केली आणि आता घरातलेच त्याच्याशी खोटं बोलणार, हे मला तरी बघवत नाही. शिवाय ते डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायची गोळी घेत असतील तर हा विषयच वेगळा, ते खाली दुसऱ्या एकाच्या उत्तरात येईल.

मग काय करायचं. बरणी आजच नणंदेकडे किंवा शेजारी द्या, सासूबाईंच्या हातूनच द्यायला लावा, फेकू नका, त्यांचे दोन महिने गेलेत त्यात आणि काजूचे भावही काही कमी नाहीत. घरी केक करा पण फळं संत्र्याच्या रसात भिजवा. एक वाटी रस, अर्धी वाटी कडक कोरा चहा, लवंग, दालचिनी, सुंठ, किसलेलं जायफळ, संत्र्याची साल किसून, हे सगळं कोमट करून त्यात फळं टाकायची आणि झाकून फ्रिजमध्ये एक रात्र, फार तर दोन. ऑक्टोबरात घालून ठेवू नका, रस आंबेल आणि तुमच्या घरात आपोआप दारू तयार होईल! रंग हवा तर साखर चांगली तांबडी-काळी होईपर्यंत जाळून घ्या, त्यात जपून गरम पाणी ओता (अंगावर उडतं, लांब उभं राहा), ते कॅरॅमल मिश्रणात. तो जो प्लम केकचा गडद, जरासा कडवट स्वाद असतो ना, त्यात या जळक्या साखरेचा आणि मसाल्याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, रमला उगाच सगळं क्रेडिट जातं. हा केक महिनाभर टिकणार नाही, चार दिवस बाहेर, मग फ्रिज. आणि कृपा करून रम इसेन्स घालू नका, त्यात दारू असो नसो, वास तोच असतो, आणि वासानेच तर माझं झालं.

आता मी एक विचारतो, राग मानू नका. केकचं विचारलंत, पण नाताळात टेबलावर पाहुण्यांसाठी घरची द्राक्षाची वाइन असते तिचं काही लिहिलं नाहीत. ती यंदा असणार आहे का? केकच्या तुकड्यात एक मिली आणि त्या काचेच्या जगमध्ये दीड लिटर. सासूबाईंशी बोलायचंच आहे तर दोन्हीचं एकदमच बोला, एकाच रडारडीत भागेल. आणि हे मिस्टरांसमोर बोला, त्यांना विचारा तुम्हाला काय झेपेल, कदाचित ते म्हणतील यंदा मिस्सानंतर तासभरच थांबू आणि निघू. जाऊ द्या मग.

तुमच्यासाठीही कोणीतरी हवं ताई. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि ए. ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) हा मीटिंगांचा गट जसा पिणाऱ्यांसाठी तसा घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन. तुमच्या जवळ मीटिंग कुठे होते ते मिस्टरांच्या ए. ए. मधल्या मित्रांना माहीत असेल, विचारा.

प्रश्न : माझी व्यसनमुक्ती केंद्रातून सुट्टी होऊन ४ महिने झाले. भूक लागत नाही म्हणून आई रोज दोन्ही वेळा द्राक्षासव देते. आयुर्वेदिक आहे, चालतं ना? — सातारा जिल्हा

उत्तर : बाटली फिरवून मागचं बारीक लेबल वाच. 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असं लिहिलेलं दिसेल. आसव आणि अरिष्ट आंबवूनच करतात, ती पद्धतच आहे, त्यात कोणी वरून दारू ओतलेली नसते पण आपोआप तयार झालेली असते, साधारण ५ ते १२ टक्के. ३० मिली दोन वेळा आणि १० टक्के धर, दिवसाला ६ मिली अल्कोहोल, म्हणजे जवळपास अर्धा छोटा पेग आई रोज प्रेमाने पाजतेय. आईचा काही दोष नाही. वैद्यांना सरळ सांग की मी दारू सोडलीय, चूर्ण, गोळी, अवलेह असं काहीतरी द्या, त्यांच्याकडे ढीगभर पर्याय असतात. होमिओपॅथीच्या टिंक्चरचं आणि काही खोकल्याच्या औषधांचं तेच. इडली, दही, पाव याचं टेन्शन घेऊ नकोस, तिथपर्यंत गेलास तर उपाशी राहशील.

प्रश्न : सर मी पुण्यात हॉटेलात कॉन्टिनेंटल सेक्शनला कॉमी टू (ज्युनियर कुक) आहे. सोडून ७ महिने, डॉक्टरांनी डायसल्फिराम चालू केलीय. रोज रेड वाइन सॉस करावा लागतो, टेस्ट करून थुंकतो. कधी पार्टीत फ्लांबे असतं, म्हणजे पदार्थावर दारू ओतून पेटवायची. गेल्या आठवड्यात सॉस चाखल्यावर तोंड लाल झालं, छाती धडधडली, मी घाबरून बाथरूममध्ये बसून राहिलो, कोणाला सांगितलं नाही. नोकरी सोडू का? — सांगलीचा, सध्या पुणे

उत्तर : भावा, नोकरीचं नंतर, आधी डॉक्टरांना फोन. आज. ती गोळी काय करते, तर दारू शरीरात मोडताना मध्ये जो विषारी पदार्थ तयार होतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड, तो पुढे मोडूच देत नाही, तो साठतो आणि मग तोंड लाल, धडधड, उलटी, बीपी खाली. १९४८ पासून हे औषध दारू सोडवायला वापरलं जातंय आणि त्याची सगळी गंमत या भीतीतच आहे. तुझ्यासोबत जे झालं ते बहुतेक तेच होतं. थोड्याशा दारूनेही होतं आणि जास्त गेली तर जिवावर बेतू शकतं. गोळी मनाने बंद करून सॉस चाखेन असंही डोक्यात आणू नकोस, बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत असर राहू शकतो. परत तसं झालं तर बाथरूममध्ये लपायचं नाही, कोणालातरी सोबत घेऊन हॉस्पिटल. आफ्टरशेव, माउथवॉश, व्हिनेगर घातलेले सॉस यांचंही डॉक्टरांना विचारून घे, कारण तू दिवसभर त्यातच असतोस.

थुंकण्याने भागत नाही, तोंडातूनही थोडं शोषलं जातंच. आणि फ्लांबेचा तो भडका बघून गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं, त्याला वाटतं जळाली सगळी, पण वर केकच्या उत्तरात सांगितलेल्या त्याच तक्त्यात फ्लांबेनंतर ७५ टक्के शिल्लक दाखवलीय. ती वाफ तुझ्या तोंडावर येते ते वेगळंच.

शेफला सांग. मला माहितीये किचनमध्ये हे सांगणं किती जड जातं, सगळे हसतील असं वाटतं. सगळं सांगू नकोस हवं तर, एवढंच म्हण की औषध चालू आहे, त्यावर दारूचा थेंब चालत नाही, मला तंदूरला किंवा इंडियन करीला टाका. बेकरीला मागू नकोस, तिथे डिसेंबरात काय असतं ते वर वाचलंसच. शेफ नाहीच म्हणाला तर सॉसची चव दुसऱ्याने बघायची आणि फ्लांबेला तू पुढे उभं राहायचं नाही, एवढं तरी लिहून घे. तेही जमत नसेल तर मग नोकरी बघायला लाग, तंदूरवाल्यांना पुण्यात कामाची कमी नाही.

आणि रात्री एकला शिफ्ट संपल्यावर बँक्वेटच्या उरलेल्या बाटल्या घेऊन पोरं मागच्या जिन्यात बसतात ना, तू त्यावेळी कुठे असतोस, ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही.