थकवा लपवू नकोस

‘ताई, आठ महिन्यांपूर्वी मी मांस, मासे, अंडी, दूध सगळं सोडलं. प्राण्यांसाठी सोडलं, वजनासाठी नाही. मनाला बरं वाटतं. पण अडीच-तीन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारी डोळे उघडे ठेवणं जड जातं. भात, भाज्या, फळं पोटभर खाते. जेवताना काळा चहा लागतो. आईला सांगितलं तर ती म्हणेल, “मी म्हणत नव्हते?” म्हणून फोनवर “छान आहे” एवढंच सांगते. पुन्हा पूर्वीसारखं खायला लागू का?’
– एक वाचक, वय २४

प्रिय मुली,

तुझ्या थकव्याइतकीच मला त्या ‘छान आहे’ची काळजी वाटली. आपला निर्णय चुकला असं कुणी म्हणू नये, म्हणून तू तीन महिने धाप गिळते आहेस. अगं, धाप लागली म्हणजे तुझं तत्त्व हरलं असं होत नाही. ते दुखण्याचं लक्षण आहे, त्याचं कारण शोधायला हवं.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि काय काय सोडलंस ते स्पष्ट सांग. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बी १२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचार. थायरॉइडचंही विचार, कारण थकवा आणि केसगळती आहाराशी संबंध नसतानाही होते. रक्त देण्याआधी स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस. बी १२ ची गोळी घेतली की रिपोर्टमधला आकडा वाढलेला दिसतो आणि खरी कमतरता लपते. लोह गरजेपेक्षा जास्त झालं तर तेही अपाय करतं.

आता ताटाबद्दल. काय सोडलंस ते तू पहिल्याच ओळीत सांगितलंस. त्याच्या जागी काय आणलंस, ते शोधत मी पत्र दोनदा वाचलं. डाळ नाही, कडधान्य नाही, सोयाबीन नाही, दाणे नाहीत. भात, भाज्या आणि फळांनी पोट भरतं, पण प्रथिनं फार कमी पडतात. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलो वजन असेल तर ४०. कपभर शिजलेल्या मसुरात जवळपास १८ ग्रॅम असतात, तेव्हा हे अवघड मुळीच नाही. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो कडधान्यांतून मिळतो. धान्य आणि कडधान्य दोन्ही एकाच जेवणात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं. पोट फुगत असेल तर थोड्यापासून सुरुवात कर. भिजवून, मोड आणून शिजवलं तर त्यातलं लोह आणि जस्तही अंगाला जास्त लागतं.

लोहाचा संशय मला सगळ्यात जास्त आहे. वनस्पतींमधलं लोह शरीर तितक्या सहज शोषून घेत नाही, शिवाय पाळीत लोह जातं ते वेगळंच. त्यात तू जेवतानाच चहा पितेस आणि चहा ते शोषण आणखी अडवतो. जेवणानंतर निदान तासभर थांब. जेवणात लिंबू, संत्रं, टोमॅटो, सिमला मिरची असं काहीतरी असू दे; त्यांतल्या क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण सोपं होतं.

बी १२ बद्दल मात्र मी आग्रहच धरणार. ते जीवाणू तयार करतात आणि वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीवर किंवा गोळ्यांवर विसंबू नकोस. त्यातलं बहुतेक नुसतं बी १२ सारखं दिसणारं, शरीराला निरुपयोगी असतं. यकृतातला साठा बहुधा काही वर्षं पुरतो. त्यामुळे आजचा थकवा त्याचाच असेल असं नाही, पण हा साठाच माणसाला गाफील ठेवतो. वर भाज्यांतून फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व भरपूर मिळालं की बी १२ च्या कमतरतेने रक्तात होणारा बदल झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. उशीर झाला तर यातलं काही कायमचं राहू शकतं. म्हणून रक्त देऊन झालं की डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घे आणि गोळी सुरू कर. रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, पण गोळीवर कितीतरी मोठा आकडा दिसेल. त्याला घाबरू नकोस. एका वेळी त्यातलं थोडंच शोषलं जातं. जोवर असं खाशील तोवर ही गोळी सोडायची नाही.

कॅल्शियमसाठी कॅल्शियम घातलेलं सोयादूध, टोफू, तीळ घे (सोयादुधाचा डबा हलवून ओत, कॅल्शियम तळाशी बसतं). पालकातलं कॅल्शियम फारसं शोषलं जात नाही. मीठ आयोडीनयुक्तच वापर. ओमेगा-३ या गरजेच्या स्निग्धांशासाठी जवस दळून खा, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. अक्रोडही चांगले.

तेव्हा पुन्हा पूर्वीसारखं खायला लागायची घाई करू नकोस. आधी रिपोर्ट येऊ दे, आणि हे नवं ताट दोन-तीन महिने नीट सांभाळून बघ. केसांना त्याहून जास्त वेळ लागेल.

आणि आईला आज रात्रीच सांग. ती ‘मी म्हणत नव्हते?’ म्हणेलही, पण त्यात रागापेक्षा भीती जास्त असते. तिला म्हण, ‘प्राणी खाणार नाही, पण तब्येतीची हेळसांडही करणार नाही, तपासणीला जाते आहे.’ मात्र त्याआधीच धाप वाढली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलीस, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नकोस. तडक दवाखाना गाठ आणि तिथूनच तिला फोन कर.

तुझी ताई