नांदेड ते संभाजीनगर विमानाने किती अंतर, किती वेळ?

तुम्ही विचारलंय की हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन झाल्यावर आईवडिलांना घेऊन विमानाने संभाजीनगर गाठायचंय, पुढं वेरूळ, आणि नेटवर कुठंतरी २१५ किमी, १६ मिनिटं दाखवायलंय ते खरं का. मी नांदेडचाच. १६ मिनिटं विसरून जा.

अंतर मात्र बरोबर आहे, सरळ रेषेत साधारण २१५ किमी. शाळेतल्या भूगोलावर पण निघतं बरं का. नांदेडचं विमानतळ ७७.३ रेखांशावर, संभाजीनगरचं, म्हणजे चिकलठाण्याचं, ७५.४ वर, आपल्याकडं एक रेखांश म्हणजे अंदाजे १०५ किमी, म्हणजे पश्चिमेला २०० किमी झाले, आणि वर उत्तरेला ७५, मग पायथागोरस लावा की झालं. ही रेष नकाशावर काढली तर परभणी डाव्या हाताला राहते, सेलू-परतूर जवळपास बरोबर खाली येतात आणि जालना उजवीकडं.

आता ते १६ मिनिटं कुठून आलं, तर २१५ किमीला ताशी ८०० ने भागलंय, बाकी काही नाही. एवढ्या जवळच्या अंतराला विमान त्या स्पीडने जातंच कुठं. पंख्याचं छोटं विमान (एटीआर) धरलं तर वर गेल्यावर ताशी ५०० च्या आसपास, त्यात १५ हजार फुटांवर चढायचं, आणि तिथून उतरायला सुरुवातच ८०-९० किमी आधी करावी लागते, म्हणजे सरळ उडायला मधे पाऊणशे किमी पण उरत नाहीत. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत ४५-५० मिनिटं धरा. मी नांदेडहून हैदराबादला असल्याच छोट्या विमानाने गेलोय, ते सरळ रेषेत २४५ किमी, तर तासाला जरा कमी लागला आणि बेल्टची लाईट बंद होऊन पाणी हातात येईस्तोवर परत बेल्ट लावा म्हणाले.

पण हा सगळा हिशोब कागदावरचाच, कारण नांदेड-संभाजीनगर थेट विमान मला बुकिंगला कधीच दिसलं नाही. हैदराबादवरून जोडून जायचं म्हटलं तर आधी २४५ किमी उलट्या दिशेला आणि मग तिथून ४३० च्या वर, २१५ साठी पावणेसातशे, निव्वळ द्राविडी प्राणायाम, त्यात मधला थांबा म्हाताऱ्या माणसांना बेक्कार पडतो. आणि नांदेडची विमानं, २००८ ला गुरता गद्दीच्या (गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या) वेळी विमानतळ नवं झालं तेव्हापासून बघतोय, चालू होतात, बंद पडतात, परत चालू होतात, त्यामुळं त्या भरवशावर हॉटेल बुक करू नका.

मी तर रेल्वेच सांगेन. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडहूनच निघते, पहाटे ५ ला, सव्वातीन तासांच्या आसपास संभाजीनगर, तिकीट काढताना वार तेवढा बघा. पहाटेचं जमत नसेल तर सकाळी उशिरा तपोवन आहे, तिला साडेचार तास धरा. स्टेशनवरून वेरूळ ३० किमी, गाडी आधीच सांगून ठेवा, आणि मंगळवारी लेणी बंद असतात तेवढं लक्षात असू द्या.