माऊस घेण्याआधी पंजा कागदावर काढा

प्रश्न : माझा नातू अकरावीत आहे. रोज संध्याकाळी तासभर मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट नावाचा नेमबाजीचा खेळ खेळतो. हल्ली खेळून उठला की मनगट चोळत बसतो. माऊस कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेलाच आहे. वाढदिवसाला चांगला माऊस द्यावा म्हणून दुकानात गेलो, तर एक ६९९ रुपयांचा दाखवला. त्यात सात रंगांचे दिवे, डब्यावर '१२,८०० डीपीआय' असं मोठ्या अक्षरात. दुसरा ४,५०० चा. मला यातलं काही कळत नाही. दोन हजारांपर्यंत खर्च करेन. काय बघून घ्यावा?
— एक आजोबा, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : काका, दुकानात पुन्हा जाण्याआधी घरी एक काम करा. नातवाचा उजवा पंजा कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून घ्या. पूर्वी कुणी कोल्हापूरला निघालं की आपल्याकडची मंडळी पाऊल कागदावर काढून चपलेसाठी द्यायची, अगदी तसंच. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. जी लांबी येईल तिच्या साधारण ६० टक्के लांबीचा माऊस हाताखाली नीट बसतो. पंजा १९ सेंटिमीटरचा असेल तर माऊस साडेअकराच्या आसपास हवा, २१ चा असेल तर साडेबाराच्या. हिशेब ढोबळ आहे, पण तो कागद खिशात असला की दुकानातल्या दिव्यांपुढे माणूस भरकटत नाही.

हे मी ठेच लागून शिकले. दुरुस्तीच्या टेबलावर मला २१ वर्षं झाली, तरी भाचा दहावी पास झाला तेव्हा त्याला मी मोठ्या हौसेनं एक भला थोरला, उंच पाठीचा माऊस घेऊन दिला. "मस्त आहे मावशी" म्हणाला आणि चार महिने वापरला. दिवाळीला त्यांच्या घरी गेले तेव्हा मागे उभी राहून त्याचा खेळ पाहिला. चाकापर्यंत बोट पोचावं म्हणून तो हात पुढे सरकवत होता, तळव्याची मागची बाजू अधांतरी, आणि करंगळी टेबलावर घासून घासून तिला घट्टा पडलेला. पंजा १७ सेंटिमीटरचा, माऊस जवळजवळ १३ चा! मोठ्यांनी प्रेमानं दिलेल्या वस्तूला मुलं नावं ठेवत नाहीत, काका. म्हणून नातवाला "आवडला का?" एवढंच विचारू नका. तो खेळत असताना दहा मिनिटं त्याच्या हाताकडे बघा.

बघायचं ते असं. काही मुलं पूर्ण तळवा माऊसवर टेकवतात. त्यांना लांब, पाठीला फुगीर माऊस लागतो. काही जण तळव्याची मागची कड टेकवून बोटं आकडीसारखी वाकवतात. त्यांना बुटका, थोडा आखूड माऊस सोयीचा. आणि काही फक्त बोटांच्या टोकांनी धरतात, तळवा लागतच नाही. त्यांना हलका आणि लहान. दुकानात पोरं याला पाम, क्लॉ आणि फिंगरटिप म्हणतात. तुम्हीही तेच शब्द वापरा, दुकानदार लगेच नीट बोलायला लागतो.

आता त्या १२,८०० कडे येते, कारण माझ्या मते तुमच्या नातवाच्या मनगटाचं दुखणं या डीपीआयच्या आसपासच कुठंतरी आहे. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून सांगतो ते. ८०० डीपीआय म्हणजे इंचाला ८०० पावलं. पावलं जास्त झाली म्हणून नेम चांगला लागत नाही, पडद्यावरचं सगळं फक्त जास्त जोरात पळतं. व्हॅलोरंटमध्ये माऊस ८०० वर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस हलला की खेळातली नजर किती वळावी तो आकडा, ०.३५ ठेवली, तर खेळातल्या माणसाला पूर्ण एक गिरकी घ्यायला माऊस सुमारे ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. एवढं अंतर मनगटानं कापताच येत नाही. कोपर आणि खांदा आपोआप कामाला लागतात. तीच ०.३५ ठेवून माऊस ३,२०० वर नेला की गिरकी पावणेबारा सेंटिमीटरमध्ये पूर्ण. मग सगळा भार मनगटावर येतो, आणि नेम अचूक जागी थांबवण्यासाठी मुलं माऊस मुठीत आवळून धरतात. ते आवळणं हाताला शिणवतं.

नातवाला हे दोन आकडे विचारा आणि गुणाकार करा. ८०० गुणिले ०.३५ म्हणजे २८०. या खेळाचे व्यावसायिक खेळाडू बहुतेक २०० ते ४०० च्या दरम्यान असतात. नातवाचा गुणाकार हजाराच्या वर निघाला तर माऊस बदलण्याआधी तो आकडा खाली आणा. पहिले चार-पाच दिवस तो चिडेल, नेम चुकेल. आठवडाभर धीर धरायला सांगा.

आता ४७ सेंटिमीटर माऊस फिरवायचा तर जागा हवी. बहुतेक घरांत माऊसखाली असतं ते वीस-बावीस सेंटिमीटरचं पॅड, किंवा जुनी वही. म्हणून तुमच्या दोन हजारांतले तीन-चारशे रुपये मोठ्या कापडी पॅडसाठी बाजूला ठेवा, निदान ४५ बाय ४० चं. माझ्याकडे येणाऱ्या दहा घरांत नऊ ठिकाणी माऊसवर खर्च होतो, पॅडवर कुणी करत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. टेबलही बघा. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर असेल तर ते बहुधा उंच पडतं आणि त्याची कड मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते. खुर्चीवर उशी घालून कोपर टेबलाच्या पातळीला आणा, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

उरलेल्या दीड हजाराच्या आसपास दोन माऊस मी नि:शंकपणे सांगते. भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळे शे-दोनशे इकडे तिकडे धरा. लॉजिटेकचा जी१०२ हा ११.७ सेंटिमीटर लांब, वजन ८५ ग्रॅम, दोन्ही बाजूंनी सारखा आणि बुटका. मध्यम हाताला, बोटं वाकवून धरणाऱ्याला तो फार छान बसतो. रेझरचा डेथॲडर इसेन्शिअल १२.७ सेंटिमीटर, ९६ ग्रॅम, उजव्या हाताच्या वळणानं घडवलेला. मोठा पंजा पूर्ण टेकवणाऱ्यानं तोच घ्यावा. दोन्ही वायरचे आहेत. दोन्ही सेकंदाला १,००० वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतात; साधे माऊस १२५ वेळा कळवतात. हा फरक खेळात जाणवतो, १२,८०० चा जाणवत नाही.

मग ६९९ वाला वाईटच का? सरसकट नाही म्हणणार मी. पण असे माऊस मी टेबलावर उघडते तेव्हा कितीदा तरी आत स्क्रूनं बसवलेली लोखंडाची पट्टी निघते. हाताला 'भारी' वाटावा एवढ्यासाठीच ती घातलेली असते. नातवाला मात्र तेच वजन दिवसातून हजारदा ढकलावं लागतं. दुसरी तक्रार बाजूच्या मऊ रबरी लेपाची. घाम आणि उन्हाळा खाऊन दीड-दोन वर्षांत तो चिकट होतो, मे महिन्यात तर बोटांना अक्षरशः चिकटतो. साधं, किंचित खरखरीत प्लास्टिक घ्या. कापडानं पुसलं की काम झालं.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुपारी जा, संध्याकाळी दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. नातवाला बरोबर न्या, अचानक आनंद द्यायचा मोह सोडा. "डब्बा नहीं खुलेगा भिया" असं ऐकू आलं तर प्रदर्शनात मांडलेला नमुना मागा. तो दोन मिनिटं हातात धरू द्या, बाजूची दोन्ही बटणं अंगठ्यानं दाबून बघू द्या. माल बाहेरून आलेला असेल तर डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला ते आणि किरकोळ किंमत छापलेली असायलाच हवी. ती चिठ्ठी नसेल तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. एका क्लिकला दोन क्लिक पडायला लागले, आणि वर्षा-दोन वर्षांत हे होऊ शकतं, की वॉरंटीसाठी तेच बिल लागतं.

आणि काका, हात बधिर पडत असेल, रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर माऊसची खरेदी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी भंवरकुआच्या बाजूला हॉस्टेलमध्ये राहते. लॅपटॉपवर खेळताना माझा वायरलेस माऊस मधेच अडखळतो, एक-दोन सेकंद बाण जागचा हलत नाही. सेल बदलून पाहिला. आता नवा वायरवाला घेऊ का? पैसे जपून वापरावे लागतात.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : थांब, लगेच पैसे घालू नकोस. माऊसचा तो लॅपटॉपला खोचायचा छोटा रिसीव्हर कुठं लावला आहेस ते आधी बघ. बहुधा निळ्या जिभेच्या यूएसबी ३ च्या खाचेत, आणि शेजारी पेनड्राइव्ह नाहीतर बाहेरची हार्ड डिस्क असेल. यूएसबी ३ चं काम चालू असताना त्यातून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, आणि तुझा माऊस त्याच पट्ट्यात बोलत असतो. बाजारात लाऊडस्पीकर चालू असताना दोघींनी कुजबुजावं तसं होतं. हॉस्टेलच्या वाय-फायची त्यात आणखी भर.

मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घे, शंभर-दीडशे रुपयांना मिळते. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माऊसपासून वीतभर अंतरावर ठेव. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन आलेल्या कितीतरी जणी एवढ्यावर परत गेल्या आहेत. तुझा माऊस ब्लूटूथवर चालत असेल तर मात्र खेळासाठी तो मुळातच संथ आहे.

तरीही अडखळलाच तर वायरचा घे. तुझ्या बजेटात वायरलेसला जो पैसा जातो तोच वायरच्या माऊसमध्ये चांगल्या सेन्सरला, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या डोळ्याला, लागतो. वायर टेबलाच्या कडेला अडकून हात ओढते, ते टाळायला कागदांना लावायची काळी क्लिप टेबलाच्या मागच्या कडेला लाव आणि तिच्या तारेच्या कानातून वायर थोडी सैल सोडून ने. पुढे नोकरी लागली आणि वायरलेसच हवा झाला तर लॉजिटेकचा जी३०४ बघ. एका पेन्सिल सेलवर चालतो, सेल धरून ९९ ग्रॅम. आकार अगदी जी१०२ चाच, त्यामुळे ज्या हाताला तो बसला त्याला हाही बसतो.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. गेमिंगचे सगळे माऊस उजव्या हाताचेच दिसतात. तिला उजव्या हाताची सवय लावावी का?
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : नका लावू, ताई. पाटीवर डाव्या हातानं लिहिलं म्हणून बोटांवर पट्टी खाल्लेल्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तिनं आपणहून उजवा हात निवडला तर गोष्ट वेगळी.

वर सांगितलेला वळणदार डेथॲडर तिच्यासाठी बाद. जी१०२ सारखा दोन्हीकडून सारखा माऊस घ्या आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं करा, म्हणजे क्लिक तर्जनीवर येईल. एक अडचण राहते. बाजूची दोन बटणं डाव्या अंगाला असतात, त्यामुळे ती अंगठ्याऐवजी अनामिकेखाली येतात आणि चुकून दाबली जातात. माऊसच्या सॉफ्टवेअरमधून ती दोन्ही बंद करून टाका आणि ती कामं कीबोर्डवर द्या. कीबोर्ड मात्र तिला उजव्या हाताने चालवायचा आहे. म्हणून चालण्याच्या डब्ल्यू, ए, एस, डी या कळांऐवजी आय, जे, के, एल किंवा बाणांच्या कळा ठरवून द्या. पहिल्या रविवारी तिच्या शेजारी बसून हे सगळं दोघींनी मिळून लावा, तासाभराचं काम आहे.