खेळणारा कुत्रा अचानक शहाणा झाला तर

पाऊस लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दरवर्षी तोच असतो. धडधाकट, खेळकर कुत्र्यात काहीतरी बिघडले आहे असे लोकांना वाटते, आणि खरोखर आजारी पडलेला कुत्रा मात्र 'आता सुधारला' म्हणून घरात कौतुकाचा विषय होतो. या दुसऱ्या समजुतीपायी कुत्रे जातात. म्हणून यावेळी मुख्यतः खेळाविषयीच्या पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा गावठी कुत्रा रोज दिवेलागणीला घरभर सैरावैरा धावतो. सोप्यावरून उडी मारतो, थबकतो, पुन्हा धावतो. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. काय उपाय करावा? – वाचक, डिचोली

काही नको. दिवसभर साठलेला उत्साह आहे, दोन-चार मिनिटांत ओसरतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून एक चटई टाका आणि दृष्टीच्या मिरच्यांचा धूर त्याच्या नाकापासून लांब ठेवा. एकाच जागी गोल फिरत स्वतःचे शेपूट चावत राहिला, तर मात्र दाखवायला आणा.

प्रश्न : '४५ दिवसांचे' म्हणून लॅब्रॅडॉरचे पिल्लू घेतले. हातापायांना सारखे चावते, मुलीच्या हातावर ओरखडे आहेत. विकणारा म्हणतो नाकावर टिचकी मारा. मोठेपणी हिंस्र होईल का? – वाचक, मडगाव

टिचकी मारू नका. त्याने पिल्लू हाताला घाबरायला शिकते, चावायचे थांबत नाही.

पिल्लाच्या तोंडात २८ दुधाचे दात असतात, आणि जग चाचपून पाहायला त्याच्याकडे हात नाहीत, तोंडच आहे. किती जोराने चावले की समोरच्याला दुखते, हे ते आई आणि भावंडांत शिकते. भावंड कळवळून ओरडते, खेळ थांबतो, पुढच्या वेळी जबडा सैल पडतो. हे शिक्षण चालू असतानाच तुमच्या पिल्लाला उचलून विकले गेले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, म्हणजे निदान ५६ दिवस. तरी बाजारात '४५ दिवसांचे' हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. कारण सरळ आहे. पिल्लू जितके लहान तितके गोंडस दिसते, आणि दूध-औषधाचा खर्च विकणाऱ्याच्या डोक्यावरून लवकर उतरतो.

आता ते शिक्षण तुम्हाला घरी द्यायचे आहे. दात लागले की हात झटकू नका, झटकलेला हात हे त्याला खेळाचे निमंत्रण वाटते. हात स्थिर ठेवा, उठा, अर्धा मिनिट पाठ फिरवा. परत या आणि चावायला दुसरे काहीतरी द्या. ओला फडका पिळून फ्रीजमध्ये थंड केलेला चालतो. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचे. एकाने हात चावू द्यायचा आणि दुसऱ्याने रागवायचे, याने पिल्लू गोंधळते. सहा-सात महिन्यांत पक्के ४२ दात येतात, तोवर धीर धरा. मुलीला पिल्लाबरोबर एकटी सोडू नका.

विकणाऱ्याने दिलेले लसीचे कार्डही तपासा. त्यावर लसीच्या कुपीवरचे, बॅच क्रमांक असलेले लेबल चिकटवलेले नसेल आणि नुसती पेनाने तारीख लिहिलेली असेल, तर लस दिलीच नाही असे धरून चाला आणि याच आठवड्यात पशुवैद्यकाकडे न्या. पार्व्हो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू दात शिवशिवायची वाट बघत नाही.

प्रश्न : नाक कोरडे म्हणजे ताप का? – वाचक, वास्को

नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचे नाक बहुतेकदा कोरडेच असते. ताप थर्मामीटरने मोजतात.

प्रश्न : आमचा टायगर तीन वर्षांचा, भारी मस्तीखोर. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की फाटकापर्यंत धावत जायचा. गेले पाच-सहा दिवस एकदम शांत आणि शहाणा झाला आहे. भोंगा वाजला तर मान वर करतो, उठत नाही. अर्धे जेवण टाकतो. शेजारी म्हणतात वय झाले, गरमी असेल. मेडिकलवाल्याने लिव्हर टॉनिक दिले आहे. अंगावर एक-दोनच गोचीड दिसले, ते रॉकेल लावून काढले. अजून किती दिवस वाट पाहावी? – वाचक, सांगे

एकही दिवस नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या तुम्हाला तसा निरोप पाठवला आहे. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहिते.

तीन वर्षांचा कुत्रा 'वय झाले' म्हणून खेळ सोडत नाही. त्याला कुठे दुखते ते सांगता येत नाही. तुमच्यासमोर तो शेपूटही हलवेल, आवडीचा माशाचा तुकडा दिलात तर खाईलही. पण धावत फाटकापर्यंत जाणे, चेंडू आणणे, दुसऱ्या कुत्र्यापुढे पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर करत 'ये' म्हणणे, यासाठी अंगात ताकद उरावी लागते. ती संपली की सगळ्यात आधी खेळ बंद होतो. जेवण त्यानंतर सुटते, आणि आपण मात्र जेवण सुटेपर्यंत थांबतो.

गोव्यात अशा वेळी माझ्या मनात पहिली शंका गोचीड तापाची येते. आपली हवा दमट, बाराही महिने उबदार. चिऱ्याच्या कुंपणांत आणि जुन्या भिंतींत गोचिडांना लपायला हव्या तेवढ्या फटी. कुत्र्यावर दिसतात ते एक-दोन, बाकीचे भिंतीत असतात. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून 'एक-दोनच होते' या वाक्याने माझे समाधान होत नाही.

या गोचिडांतून मुख्यतः दोन रोग येतात. एर्लिकियाचे जंतू पांढऱ्या रक्तपेशींत घर करतात, बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो. दोन्हींत प्लेटलेट्स घसरू शकतात. गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे सहज जातात, त्यामुळे आज अंगावर गोचीड नाही म्हणून ताप गोचिडाचा नाही, हेही खरे नाही. घरी ओठ वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, त्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल, लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर रात्रीचे अकरा वाजलेले असोत, निघा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, गुदद्वारात मोजलेले. आपला ९८.६ चा हिशोब त्याला लावू नका, आणि हात लावून ताप ओळखू नका.

आता औषधांचे. लिव्हर टॉनिकने एर्लिकिया मरत नाही, फक्त चार दिवस वाया जातात. ताप उतरावा म्हणून घरची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला इजा होते, आयब्युप्रोफेनने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्लेटलेट्स आधीच कमी असताना पोटात रक्तस्राव म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा आणायची, हा आणखी एक प्रकार. एर्लिकियाला चालणारी गोळी बॅबेसियाला एकटी पुरत नाही, त्याचे औषध वेगळे असते. कोणता रोग आहे ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. रक्तपेशींची मोजणी आणि काचेवरचा रक्ताचा नमुना, इतके तरी करून घ्या.

आणि एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन सुरू झाले की ते साधारण २८ दिवस चालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा पुन्हा चेंडू आणू लागतो, घरचे खूश होतात आणि गोळ्या डब्यात राहतात. जंतू शरीरात राहतात. काही महिन्यांनी तोच कुत्रा रक्त तयार करणारी अस्थिमज्जा थकलेल्या अवस्थेत माझ्या टेबलावर येतो, आणि तेव्हा माझे हात बांधलेले असतात. पूर्ण औषध द्या आणि फेरतपासणीला या. ती न करणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे, कारण त्यांनी सुरुवात योग्य केलेली असते.

रॉकेल, फिनाइल, गुरांवर फवारायचे औषध, यांतले काहीही अंगाला लावू नका. कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, मानेवर टाकायचे थेंब, पट्टा, असे चांगले पर्याय आहेत. पण कुत्र्याचे वजन, वय आणि पूर्वी कधी फिट आली होती का, हे बघून ते ठरवायचे असतात. दुकानदाराच्या फळीवर जे उरले आहे त्यावरून नव्हे. घरातल्या फटी, कुत्र्याचे अंथरूण आणि पायऱ्यांखालची जागा यांचाही बंदोबस्त एकाच वेळी करा.

प्रश्न : आंब्याचा बाठा (कोय) चघळायला फार आवडते, खेळतोही त्याच्याशी. देऊ ना? – वाचक, काणकोण

नको. ओला बाठा घशातून सटकतो आणि आतड्यात अडकतो, मग पोट उघडावे लागते. गिळलाच असेल तर मीठ-पाणी पाजून ओकवू नका, ते मीठच जिवावर बेतू शकते. उलट्या, शी बंद, पोटाला हात लावू न देणे यांतले काहीही दिसण्याआधीच फोन करा. परसात पडलेले काजूचे बीही तसेच, त्याच्या टरफलातले तेल तोंड भाजते. आणि चवथीच्या नेवऱ्या (गणपतीतल्या करंज्या) मुळीच नकोत. त्यांतल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत.

प्रश्न : खेळताना आमच्याच कुत्रीचा दात मुलाच्या पोटरीला लागला. थोडे रक्त आले. घरचीच आहे, लस दिलेली आहे. आजीने हळद लावली. आणखी काही करावे का? – वाचक, पेडणे

हो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि आजच आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची, काही भरू नका. मुलाला इंजेक्शने हवीत की नाहीत हे तिथले डॉक्टर ठरवतील. कुत्रीचे लसीचे कार्ड सोबत न्या आणि तिच्यावर दहा दिवस नजर ठेवा.

गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामागे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी गावोगाव वर्षानुवर्षे केलेले लसीकरण आहे. त्याचा अर्थ रेबीज संपला असा घेऊन लोक घरच्या कुत्र्याची वार्षिक लस चुकवतात, हे मला पाहवत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

प्रश्न : मिरामारला समुद्रात खेळू द्यावे का? – वाचक, पणजी

पावसाळ्यात नको. जून ते सप्टेंबर माणसांनीही पाण्यात उतरू नये असे जीवरक्षक सांगतात. एरवी सकाळी लवकर न्या, तापलेल्या वाळूने पंजे भाजतात. प्यायला घरचे पाणी न्या, किनाऱ्यावर आलेले मेलेले मासे आणि जेलीफिश यांपासून लांब ठेवा, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून कान कोरडे करा. कान हलवत राहिला किंवा वास आला, तर दाखवा.

प्रश्न : हस्की घ्यायचा आहे. एसी असला की पुरे, असे ब्रीडर म्हणतो. – वाचक, पर्वरी

घेऊ नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या दमट हवेत ते नीट जमत नाही. वीज गेली की ब्रीडर येणार नाही. गावठी पिल्लू पाळा, त्याला ही हवा मानवते.

प्रश्न : दिवाळीत नरकासुराच्या रात्री फटाक्यांच्या आणि गाण्यांच्या आवाजाने आमची कुत्री थरथरते, गेल्या वर्षी कुंपणावरून पळाली. झोपेची गोळी द्यावी का? – वाचक, फोंडा

मनाने नाही. गुंगीची काही जुनी औषधे फक्त अंग लुळे पाडतात, भीती आत तशीच राहते. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच फिरवून, जेवू घालून आणा. रस्त्यापासून लांबच्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा मोठा करा, तिचे नेहमीचे अंथरूण आणि चघळायचे खेळणे तिथेच द्या. ती अंगाशी येऊन बसली तर बसू द्या, जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. बाहेर साखळीला बांधू नका. गळपट्ट्यावर तुमचा फोन क्रमांक हवाच. भीती एवढी असेल की ती पळून जाते, तर तिच्यासाठी योग्य औषधे आहेत, पण ती आधी एकदा देऊन मात्रा बसवावी लागते. म्हणून निदान दोन आठवडे आधी तिला घेऊन पशुवैद्यकाकडे जा. आदल्या संध्याकाळी फोन आला तर आमच्या हातात फारसे काही उरत नाही.