नवीन बेल्ट टाकूनही गाडी सकाळी चीं-चीं वाजते, आता मेकॅनिक अल्टरनेटर बदलायला सांगतोय, बदलू का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, रत्नागिरीत उघड्यावर पार्किंग, पावसाळा लागल्यापासून सकाळी सेल मारला की बोनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज, मिनिटभरात बंद होतो, एसी किंवा हेडलाईट लावले की परत. बेल्ट बदलला, आठवडाभर शांत होती, आता पुन्हा तेच. आणि गॅरेजवाला म्हणतोय अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, काढू.

अजिबात काढू नका अजून. माझं गॅरेज लांज्याकडे आहे, पावसाळ्यात ही तक्रार घेऊन गाड्या येतच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना अल्टरनेटर सोडा, नवीन बेल्टसुद्धा लागत नाही. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुमचा बेल्ट सैल झालाय. कसं ते सांगतो, पण आधी तुम्ही स्वतः तपासून घ्या, कारण हे घरच्या घरी तपासता येतं.

आधी हा बेल्ट कुठला ते. याला आपल्याकडे सगळे अजून फॅन बेल्टच म्हणतात, पण आताच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक असतो, हा पट्टा इंजिनच्या खालच्या क्रॅंक पुलीवरून (पुली म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो ते खाचांचं चाक) फिरून अल्टरनेटर, एसीचा कंप्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप चालवतो. टायमिंग बेल्ट वेगळा, तो इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, कव्हरच्या आत असतो, त्याचा आणि या आवाजाचा संबंध नाही, कोणी टायमिंगचं नाव काढून घाबरवलं तर घाबरू नका. पट्ट्याच्या पाठीवर ४पीके ८७५ किंवा ६पीके ११०० असं काहीतरी छापलेलं असतं, पहिला आकडा म्हणजे आतल्या बाजूला किती धारा आहेत तो आणि पुढचा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. नवीन टाकलेल्यावरचा नंबर जुन्याशी जुळतोय का बघा, कारण दुकानात नेमका नंबर नसला की थोडा लांब पट्टा बसवून स्क्रू शेवटपर्यंत ताणून द्यायचे प्रकार होतात.

आता आवाज. दोन आवाज आहेत आणि दोन्ही वेगळे. एक लांबलचक चीईईई, लोड आला की येणारा, म्हणजे सकाळी सेल मारल्यावर, एसी ऑन केल्यावर, एकदम रेस दिल्यावर. हा पट्टा घसरण्याचा आवाज. दुसरा चिक चिक चिक, घड्याळासारखा एका लयीत, रेस वाढवली की चिकचिक पण जलद होते. हा बहुतेक वेळा पुली सरळ रेषेत नसल्याचा. तुमचा पहिला आहे. सकाळीच का येतो, तर रात्रभर पट्टा आणि पुल्या ओल्या आणि गार असतात, त्यात सेल मारताना बॅटरीतून भरपूर करंट गेलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोर लावतो, म्हणजे फिरायला जड होतो, आणि पट्ट्यात ताण कमी असेल तर तो पुलीवर घसरतो. मिनिटभरात बॅटरीची भूक थोडी भागते, पट्टा सुकतो, आवाज जातो. बॅटरी जुनी असेल तर हा लोड जास्त वेळ राहतो, म्हणून बॅटरीचं वय पण बघाच.

खात्री करायला पाण्याची टेस्ट. इस्त्रीसाठी वापरतो ती फवाऱ्याची बाटली घ्या, साधं पाणी, गाडी न्यूट्रलला, हॅंडब्रेक ओढलेला, कोणीतरी सीटवर बसलेलं. आवाज येत असताना पट्ट्याच्या धारांच्या बाजूला लांबून थोडंसं पाणी मारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. आवाज क्षणभर गेला आणि सुकल्यावर परत आला तर पुली तिरकी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर संशय घ्या. हे करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन, काही म्हणजे काही लोंबकळता कामा नये, हात पट्ट्यापासून लांब, हे मी प्रत्येकाला ओरडून सांगतो कारण बोटं जायला अर्धा सेकंद पण लागत नाही. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा फॅन गरम इंजिनवर आपोआप सुरू होऊ शकतो, तिकडेही हात नको.

आता तुमचा आठवडाभर शांत होती हा मुद्दा, मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटला. नवीन पट्टा पहिल्या काही दिवसांत पुल्यांच्या खाचांत नीट बसतो आणि थोडा सैल पडतो. ज्या गाड्यांत स्प्रिंगचा ऑटो टेन्शनर असतो तिथे तो स्वतःच ओढून धरतो, पण आपल्या खूपशा छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच, अल्टरनेटर मागे सरकवूनच ताण द्यायचा असतो. तिथे नवीन पट्टा टाकल्यावर थोडे दिवस गाडी चालली की परत बोलावून ताण बघायचा असतो, आणि हेच कोणी करत नाही. गिऱ्हाईक परत येत नाही, गॅरेजवाला बोलवत नाही.

बघायचं कसं: इंजिन बंद आणि गार, दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब मोकळा भाग धरा, मधोमध अंगठ्याने चांगला दाबा, साधारण दहा किलोचा जोर. ६ ते १० मिलिमीटर दबला तर ठीक, गाडीगणिक थोडाफार फरक असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. तुमचा बोटभर आत जात असेल तर उत्तर मिळालं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, अल्टरनेटरचा खालचा पिव्होट बोल्ट, म्हणजे ज्याच्यावर तो सरकतो तो, थोडा ढिला करायचा, वरचा लॉक बोल्ट ढिला करायचा, आणि अॅडजस्टिंग बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत ताण द्यायचा, मधे मधे अंगठ्याने बघत. मग दोन्ही बोल्ट घट्ट. काही गाड्यांत अॅडजस्टिंग बोल्ट नसतो, टॉमीने, म्हणजे छोट्या पहारीने, अल्टरनेटर रेटून धरावा लागतो, तेव्हा टॉमी अल्टरनेटरच्या जाड कास्टिंगवरच टेकवायची, पातळ भागावर लावली तर तडा जातो. आणि एकदाच काय ते भरपूर ताणून टाकतो असं करू नका, पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला की आवाज नक्की जातो पण अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग लवकर खराब होतं, आणि मग तो खर्च मोठा.

एसीचा पट्टा वेगळा आहे का तेही बघा, काही गाड्यांत दोन पट्टे असतात. एसी लावल्यावर येणारा आवाज त्या दुसऱ्याचा असू शकतो, त्याची ताणायची जागा वेगळी असते. काही गाड्यांत एसीचा पट्टा रबरासारखा ताणला जाणारा असतो, त्याला टेन्शनर नसतोच आणि तो बसवायला खास टूल लागतं, स्क्रू ड्रायव्हर घालून ओढून चढवला तर आतले धागे तुटतात, तो मात्र गॅरेजलाच द्या.

ताण दिल्यावरही आवाज आला तर पुल्या बघा, आणि कोकणात मी हे ताण देण्याआधीच बघतो. आपली लाल माती पावसात चाकावरून उडते ती थेट क्रॅंक पुलीवर. उजव्या किंवा डाव्या, ज्या बाजूला पट्टा आहे त्या चाकाच्या आत एक काळं प्लास्टिकचं कव्हर असतं, डेंटिंगच्या किंवा सस्पेन्शनच्या कामात ते काढतात आणि क्लिपा तुटल्या म्हणून परत लावतच नाहीत. मग प्रत्येक डबक्यातलं पाणी पट्ट्यावर. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून बघा, कव्हर नसेल तर ते आधी लावून घ्या. पुलीच्या खाचांत माती जाऊन वाळते आणि सिमेंटसारखी घट्ट होते, बोट फिरवलं तर खाच लागतच नाही, सपाट लागतं, मग धारा बसणार कुठे. पट्टा काढून जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन एकेक खाच घासायची, पुली हाताने फिरवत, मग साध्या पाण्याने धुवून कोरडी करायची. नवीन पट्टा घाण पुलीवर चढवला तर तो तसाच वाजणार.

पट्टा काढलेलाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवा. हीच तुमच्या अल्टरनेटरची परीक्षा. गुळगुळीत आणि शांत फिरली, हलवल्यावर खुळखुळली नाही, तर बेअरिंग ठीक. खरखर लागली किंवा अडकत फिरली तर तेवढं बेअरिंग बदलून मिळतं, अख्खा अल्टरनेटर लागत नाही. चार्जिंगसाठी मल्टिमीटर बॅटरीवर लावा, गाडी चालू आणि हेडलाईट ऑन करून १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. काढण्यापूर्वी पट्टा कुठून कुठे जातो त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, आणि परत चढवताना प्रत्येक पुलीवर सगळ्या धारा आपापल्या खाचेत आहेत का हे वाकून बघा, एक धार बाहेर राहिली तर पट्टा काही दिवसांत चिरतो.

ऑटो टेन्शनरची गाडी असेल, हे बाकी वाचणाऱ्यांसाठी, तर इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात बघा. किंचित थरथरतो ते चालतं, उड्या मारत असेल तर स्प्रिंग थकली आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पुलीत क्लच असतो, तो अडकला तरी टेन्शनर असाच उडतो. क्रॅंक पुलीच्या मधे रबराचा थर असतो, तो सुटला की पुली डुलत फिरते, समोरून बघितलं की लगेच कळतं.

पट्ट्यावर ऑइल किंवा कुलंटचा ओलावा असेल तर आधी गळती बंद करा. पाण्याच्या पंपाखाली वाळलेला हिरवा किंवा गुलाबी पांढुरका ओघळ शोधा. ऑइल पिऊन फुगलेला पट्टा पुसून काही उपयोग नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. आणि कृपा करून साबणाची वडी, टाल्कम पावडर, मेण, गंजावरचा स्प्रे, बेल्ट ड्रेसिंग यातलं काहीही पट्ट्यावर लावू नका. दोन दिवस आवाज दबतो, मग त्यावर माती चिकटते आणि पुढच्या वेळी खरं कारण शोधायला दुप्पट वेळ जातो.

तोपर्यंत गाडी चालवू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. गावातल्या गावात चालवा, पण असा घसरणारा पट्टा घेऊन पावसात रात्री आंबा घाट चढू नका. पट्टा तुटला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर टेंपरेचर भराभर वर जातं, तेव्हा पुढच्या वळणापर्यंत नेतो असं न करता लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, नाहीतर इंजिन तापून हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिन उघडायचं मोठं काम निघतं.

गॅरेजला गेलात तर आधी फक्त एवढंच सांगा, पट्टा काढून पुल्या साफ करा, माझ्यासमोर हाताने फिरवून दाखवा, ताण द्या, आणि पंधरा दिवसांनी मी परत येतो ताण बघायला. पाण्याची टेस्ट करून काय झालं ते आणि पट्ट्यावरचा नंबर इथे कमेंटमध्ये टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल.