रॅम वाढवली आणि पट्टीची पीडीएफ बिघडली

प्रश्न : सर, सांगलीत मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. हिशोबाच्या पीसीत ८ जीबी रॅम होती, नवीन हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आधी अजून ८ ची स्टिक टाकून घेतली. तेव्हापासून दिवसातनं दोन-तीनदा ब्ल्यू स्क्रीन येते, मेमरी मॅनेजमेंट असं लिहिलेलं असतं, काल तर शेतकऱ्याच्या पट्टीची (मालविक्रीच्या हिशोबाची) पीडीएफच उघडेना. दुकानवाला म्हणतो विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारूया. मारू का?

उत्तर : अजिबात नको! विंडोज बिघडलं असेलही, पण बिघडवतंय कोण ते आधी बघा की. डिस्कवर जाणारं सगळं रॅममधनं जातं, तिथं एक बिट उलटला, शून्याचा एक झाला, की चुकीचाच डेटा लिहिला जातो आणि डिस्क बिचारी तो इमानदारीत सांभाळून ठेवते. त्याच रॅमवर नवीन विंडोज टाकलं तर ते टाकतानाच खराब होईल. आणि जुन्या चांगल्या बॅकअपवर नवीन बॅकअप तर आत्ता घेऊच नका, कॉपी पण त्याच रॅममधनं होणार ना.

पीसी बंद करून वायर काढा, नवीन स्टिक बाहेर, जुन्यावर काम चालू ठेवा. मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून (फुकट आहे) त्यावरनं पीसी सुरू करा, एकेक स्टिक वेगवेगळी, रात्री दुकान बंद करताना लावून जायचं. एक जरी एरर आली तरी नापास, 'थोड्या एरर चालतात' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

गंमत अशी की कधी कधी दोन्ही एकट्या पास होतात आणि जोडीनं नापास. स्टिकरवर स्पीडचा आकडा बघा, एक २६६६ आणि दुसरी ३२०० असेल तर बोर्डानं कमी स्पीडवर चालवायला पाहिजे, पण बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडवर चालवायची सेटिंग, चालू असलं की ते जास्तीचा स्पीड रेटतं, ते बंद करून परत टेस्ट लावा. स्टिक स्लॉटात नीट बसली नसेल तरी असंच होतं, म्हणून क्लिप कट् वाजेपर्यंत दाबा.

रॅम पास झाल्यावर मगच कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही कमांड चालवा, पण ते फक्त विंडोजच्या फाइल दुरुस्त करतं, तुमच्या पट्ट्या नाही. स्टिक टाकल्या दिवसापासूनच्या नोंदी रोजकीर्दीशी ताडून बघाव्याच लागतील, कंटाळा येईल पण इलाज नाही.

स्टिक बदलून आणायला जाताना बिलासोबत मेमटेस्टच्या स्क्रीनवरच्या लाल एररचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, नुसतं तोंडी सांगितलं तर दुकानवाला परत फॉरमॅटच म्हणणार.