सातवीतली मुलगी, लहान शाळा आणि व्हर्सिटी संघ: न्यूयॉर्क राज्यातील एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी सध्या सातवीत आहे आणि सप्टेंबरमध्ये ती आठवीत जाईल. आपली शाळा न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात आहे. बालवाडीपासून बारावीपर्यंतचे सर्व वर्ग तिथे एकाच इमारतीत भरतात आणि एकेका इयत्तेत जेमतेम तीस मुले असतात. मुलींच्या फुटबॉल संघाच्या, म्हणजे तिथल्या भाषेत सॉकरच्या, प्रशिक्षकांनी येत्या हंगामात तिला थेट व्हर्सिटी संघात, म्हणजे हायस्कूलच्या (नववी ते बारावीच्या) सर्वांत वरच्या संघात, घेण्याची इच्छा दाखवली आहे. आठवीतल्या मुलांना असे खेळता येत नाही, असे कॅलिफोर्नियातील आपल्या बहिणीने सांगितले, आणि आताच खेळली तर हायस्कूलमध्ये खेळण्याची तिची चार वर्षे कमी होतील, अशी भीती आपल्या यजमानांना वाटते. शेवटी, याचा तिच्या महाविद्यालयीन प्रवेशाला उपयोग होईल का, हेही आपण विचारले आहे.

आपल्या बहिणीचे म्हणणे तिच्या राज्यापुरते बरोबर आहे. अमेरिकेत शालेय खेळांची पात्रता प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या संघात खेळण्यासाठी विद्यार्थी नववीत असावाच लागतो. मिनेसोटात मात्र सातवीपासूनच ती मुभा आहे. न्यूयॉर्कचा नियम या दोन्हींच्या मधला आहे. तिथे सातवी-आठवीच्या मुलांसाठी मॉडिफाइड नावाचे वेगळे संघ असतात आणि त्यांच्या वर ज्युनियर व्हर्सिटी हा दुसऱ्या फळीचा संघ व व्हर्सिटी हा मुख्य संघ असतो. सातवी-आठवीतल्या मुलाला या वरच्या संघांत जायचे असेल, तर राज्याच्या शिक्षण खात्याने आखून दिलेली ॲथलेटिक प्लेसमेंट प्रोसेस पूर्ण करावी लागते. जुने प्रशिक्षक तिला अजूनही सिलेक्शन-क्लासिफिकेशन म्हणतात, तेव्हा ते नाव कानावर आले तर गोंधळू नका.

ही प्रक्रिया कशी चालते हे नीट समजून घ्या, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. आपल्या जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने ठराव करून ही प्रक्रिया स्वीकारलेली असली, तरच पुढचा विचार करता येतो. त्यानंतर पालकांची लेखी संमती लागते. मुलीचा अभ्यास आणि तिची मानसिक व सामाजिक तयारी पाहून शाळेचे प्रशासन मान्यता देते. शाळेचे वैद्यकीय संचालक तिच्या शारीरिक वाढीचा टप्पा त्या खेळासाठी आणि त्या पातळीसाठी पुरेसा आहे का, हे ठरवतात. प्रशिक्षक तिच्या कौशल्याचे मूल्यमापन करतात. शेवटी धावणे, चपळाई, लवचिकता, पोटाच्या व हातांच्या स्नायूंची ताकद अशा शारीरिक क्षमतेच्या चाचण्या होतात आणि त्या घेणारे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक त्या खेळाचे प्रशिक्षक नसावेत, अशी अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण ज्याला खेळाडूची गरज आहे त्याच्याच हाती घड्याळ राहत नाही. हे सर्व पार पडले की मुलीला निवड चाचणीला बसण्याचा हक्क मिळतो. संघातील जागा मात्र तिला त्या चाचणीतूनच मिळवावी लागते.

वैद्यकीय तपासणीबद्दल मुलीशी आपण स्वतः आधीच बोलून ठेवा. वाढीच्या टप्प्याविषयीचे प्रश्न त्या वयात संकोचाचे असतात, आणि ते तिला अनोळखी खोलीत पहिल्यांदाच ऐकावे लागू नयेत.

आपल्या यजमानांची भीती रास्त असली तरी इथे ती लागू होत नाही. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्याला नववीत प्रवेश केल्यापासून एका खेळाचे सलग चार हंगाम मिळतात. या प्रक्रियेतून आठवीत पात्र ठरलेल्या खेळाडूला पाच, तर सातवीत पात्र ठरलेल्याला सहा हंगाम खेळता येतात. नुकसान होते ते प्रक्रिया पूर्ण न करता खेळवल्यास. तसे झाल्यास मुलगी अपात्र ठरते, ती ज्या सामन्यांत खेळली ते संघाला गमवावे लागतात आणि एवढ्याशा गावात त्याचा दोष तेरा वर्षांच्या मुलीच्या माथी येतो. म्हणून ‘कागदपत्रे नंतर पाहू’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडे वळतो. आपण पत्रात सहज लिहून गेला आहात की, यंदा बारावीच्या बऱ्याच मुली बाहेर पडत असल्याने संघाला अकरा खेळाडू जमवणे अवघड झाले आहे. ही प्रक्रिया असाधारण तयारीच्या मोजक्या मुलांसाठी आहे आणि संघातील रिकाम्या जागा भरण्यासाठी, एखाद्याला जादा अनुभव देण्यासाठी किंवा बक्षीस म्हणून ती वापरू नये, असे राज्याच्या मार्गदर्शक सूचना स्पष्टपणे बजावतात. लहान शाळेत नेमका याच जागी पाय घसरतो. प्रशिक्षकांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही, कारण संघच उभा राहिला नाही तर बारावीच्या मुलींचे शेवटचे वर्ष वाया जाते, हे दुःख त्यांनाही आहे. परंतु त्या अडचणीवर शेजारच्या शाळेबरोबर संयुक्त संघ उभारण्याचा रीतसर मार्ग राज्यातील हायस्कूल क्रीडा संघटनेच्या नियमांत उपलब्ध आहे. मोठ्यांची अडचण सोडवण्याचा भार लहान मुलीच्या गुडघ्यांवर टाकू नये. गुडघ्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण वयात येताना मुलींमध्ये गुडघ्याच्या क्रूशिएट अस्थिबंधाच्या दुखापतींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते आणि सॉकर हा अशा दुखापतींसाठी ओळखला जाणारा खेळ आहे. समोर सतरा-अठरा वर्षांची, पूर्ण वाढ झालेली खेळाडू असेल, तर धडकेचा जोरही वेगळा असतो.

याचा अर्थ आपण नकारच द्यावा असा नाही. ती खरोखरच आपल्या वयोगटाच्या पुढे गेली असेल, मॉडिफाइड संघात तिला शिकण्यासारखे फारसे उरले नसेल, तर तिला अडवून ठेवणे हाही अन्याय होईल. मात्र प्रशिक्षकांकडून एका गोष्टीचे स्पष्ट उत्तर घ्या: संघात पुरेशा मोठ्या मुली असत्या, तरीही त्यांनी हिला बोलावले असते का? उत्तर होकारार्थी असेल आणि सामन्याचा बराचसा वेळ ती मैदानावर असणार असेल, तर पुढे जा. राखीव बाकावर बसून हंगाम काढायचा असेल, तर मॉडिफाइड संघात प्रत्येक सामना खेळणे तिच्या हिताचे आहे, कारण या वयात खेळ येतो तो चेंडू पायाशी असताना.

महाविद्यालयीन प्रवेशाबाबत मी अपेक्षा वाढवू इच्छित नाही. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएची शैक्षणिक मोजणी नववीपासून सुरू होते. तिच्या तीन श्रेणींपैकी सर्वांत वरच्या, पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी नववी ते बारावीत 16 मूलभूत विषय आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 सरासरी लागते. सॉकरमध्ये पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकांना दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपूर्वी खेळाडूशी भरतीविषयी बोलताही येत नाही. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये, तसेच आयव्ही लीग या नामांकित गटातील विद्यापीठे, खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यामुळे आठवीतला व्हर्सिटी हंगाम पुढे अर्जावरची एक चांगली ओळ ठरेल, त्याहून अधिक काही नाही.

उलट, आठवीत ती बीजगणित घेऊन जूनमध्ये त्याची रीजंट्स ही राज्यस्तरीय परीक्षा देणार असेल, तर त्या पायावर हायस्कूलमधले तिचे गणित व विज्ञान उभे राहणार आहे. ग्रामीण भागातले बाहेरगावचे सामने दूर असतात आणि परतीची बस रात्री उशिरा पोहोचते. अशा दिवशी गृहपाठ कधी होणार, झोप किती मिळणार, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी कागदावर मांडून पाहा, आणि आठवड्यातून किमान एक दिवस सरावाविना राहील, याची हमी प्रशिक्षकांकडून घ्या.

सराव ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि निवड चाचणीपूर्वी सारी प्रक्रिया पूर्ण व्हावी लागते, म्हणून शाळेच्या क्रीडा संचालकांची भेट सुट्टी लागण्यापूर्वीच ठरवा. त्या भेटीला मुलीलाही सोबत न्या, आणि वर सुचवलेला प्रश्न प्रशिक्षकांना तिलाच विचारू द्या.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक